वाण आणि गुण

पाय पाण्यात सोडून बसा. चपला मागच्या खडकावर राहू द्यात. फाल्गुन सरत आला आहे. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झोडपतो, पण आत्ता त्याची खूण म्हणजे खडकांवरचं वाळलेलं शेवाळ तेवढी. कुंभीकडे उतरणारा हा ओढा बारीक झाला आहे आणि वाटेत त्याने एक डोह राखून ठेवला आहे. पाणी गुडघ्याच्या खाली. वर जांभळाची सावली. पाठीमागे गगनगड.

पाय पाण्यात शिरले तेव्हा काय झालं, पाहिलंत? बोटाएवढे मासे होते, ते डोळ्याचं पातं लवायच्या आत पांगले. आता एकही दिसत नाही. ते परत येतील, पण वेळ घेतील. तेवढा वेळ आपण इथे बसायचं आहे. हलू नका. श्वास चालला आहे तसा चालू द्या, त्याला वळण लावायला जाऊ नका.

श्रवणानंतरची पायरी मननाची, असं आपल्याकडे मानतात. दिवसभर चरून आलेली म्हैस संध्याकाळी खुंट्याशी बसते आणि डोळे अर्धे मिटून रवंथ करते, तसंच हे. चारा तोच असतो, फक्त आता तो अंगी लागतो. आज चघळायला मी एक म्हण आणली आहे. तुम्ही लहानपणापासून ऐकलेली आहे: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

वाण म्हणजे रंग, अंगाचा घाट. गुण म्हणजे वागणूक. शेजारच्या बैलामुळे बैलाची खोड बदलते, कातडी बदलत नाही, असं म्हण सांगते. ती करणाऱ्या शेतकऱ्याने गोठ्यात बरोबर पाहिलं होतं. त्याने पाण्यात पाहिलं असतं तर म्हण वेगळी झाली असती, असं मला वाटू लागलं आहे. पाण्यात शेजाऱ्याचा वाणसुद्धा लागतो.

पांगलेले मासे बहुधा मळ्या जातीचे. तोंड खालच्या अंगाला, खडकाला चिकटून शेवाळ खरवडणारं. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णनं दिली, तेव्हा इथल्या माणसांच्या तोंडची नावंच त्याने शास्त्रीय नावांत ठेवून दिली. मळ्या त्यात ‘मुल्या’ झाला आणि जगभरच्या ग्रंथांत अजून त्याच नावाने आहे. त्यांना येऊ द्या सावकाश. तोवर दुसऱ्या एका माशाकडे जाऊ, कारण वाणाची गोष्ट त्याच्याजवळ आहे.

चिलापी तुम्हाला माहीत आहे. बाजारात पाटीत असते, राखी, काटेरी परांची, स्वस्त. ही मूळची आपली नाही. मोझांबिक तिलापिया हे तिचं नाव, आग्नेय आफ्रिकेच्या नद्यांतली. १९५२ साली ती भारतात आणली, पोटाला स्वस्त आधार होईल म्हणून तळ्यांत सोडली, आणि तिने आपले पाय इतके पसरले की इथल्या माशांना जागा उरेना. तो हिशेब मोठा आहे आणि दुःखाचा आहे. पण आज मला तिच्या घराकडे बघायचं आहे.

खाली कोल्हापूरच्या बाजूला उन्हाळ्यात एक तळं उतरलेलं मी पाहिलं होतं. पाणी मागे सरकलं होतं आणि उघड्या पडलेल्या चिखलात गोल गोल खळगे होते, एकाला लागून एक. आंब्याच्या बुंध्याशी आळं करतात ना, अगदी तसे. आधी वाटलं, कुणीतरी रोपं लावायला खणले असावेत. ती चिलापीच्या नरांची आळी होती. पाणी असताना प्रत्येक नर तोंडाने चिखल उपसून आपलं आळं कोरतो आणि त्याची राखण करतो. मादी तिथे अंडी घालते, ती तोंडात धरते आणि निघून जाते. पिल्लं बाहेर येऊन सुटी होईपर्यंत ती तोंडातच सांभाळते.

आळं ज्याला मिळतं तो नर काळा होतो. पार काळा, गळा तेवढा पांढरा आणि परांच्या कडा लालसर. ज्याला आळं मिळत नाही तो राखाडीच राहतो, माद्यांसारखा दिसतो, माद्यांच्या घोळक्यातच फिरतो. दोघे एकाच जातीचे. कदाचित एकाच आईच्या तोंडातून एकाच दिवशी बाहेर पडलेले. आणि काल काळा असलेला आज दुसऱ्या दांडग्या नरापुढे हरला, की त्याचा काळा रंग उतरतो. वाण उतरतो. समुद्रातले काही मासे तर याच्याही पुढे जातात: क्लाऊनफिशच्या कुटुंबातली मोठी मादी मेली, की तिचा जोडीदार नर हळूहळू स्वतः मादी होतो. कुणी मेलं आणि आपण वेगळेच कुणी झालो, हे तिथे शब्दशः घडतं.

रंग ही वरची गोष्ट झाली. आता जरा आत उतरू.

डोळे मिटा. डोळ्यांच्या मागे, कवटीच्या तळाशी, जिथे दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात, तिथे लक्ष न्या. बोट लावता येणार नाही अशी ही जागा. माशातही तिच्या आसपास पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्या पेशी एक संप्रेरक सोडतात, शास्त्रज्ञ त्याला जीएनआरएच म्हणतात. ते मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीला हाक देतं, पियुषिका रक्तातून वृषणाला निरोप पाठवते आणि मग नराचं नरपण जागं होतं. आपल्या शरीरातही याच घराण्याचं संप्रेरक असतं. तेरा-चौदाव्या वर्षी आवाज फुटतो तो याच हाकेने.

अमेरिकेत, स्टॅनफर्ड विद्यापीठात, रसेल फर्नाल्ड या माणसाने चिलापीच्या एका चुलतभावावर आयुष्यातली कित्येक वर्षं घातली. बर्टोनी हे त्या माशाचं नाव, आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातला. तिथेही तेच: थोड्या नरांकडे जागा आणि झळझळीत रंग, बाकीचे फिकट. फर्नाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. जागा असलेल्या नराच्या पेशी मोठ्या, फिकट नराच्या लहान. इथवर कुणीही म्हणेल, की बरोबर आहे, मोठ्या पेशी घेऊन जन्मला म्हणून तो मोठा झाला. १९९३ साली त्यांनी छापलं ते याच्या उलट होतं. जागेच्या मालकाला उचलून जास्त दांडग्या नरांच्या टाकीत सोडलं, तर त्याच्या त्याच पेशी आक्रसल्या. फिकट नराला जागा मिळेल असं केलं, तर त्याच्या पेशी वाढल्या.

याच्यापाशी थांबा. पुढे जायची घाई नको. मेंदू वागणूक घडवतो हे आपण सगळे धरून चालतो. इथे शेजारी कोण आहे यावर मेंदूतली पेशी लहानमोठी होते आहे. वाढ लवकर होते, आक्रसायला त्याहून जास्त दिवस लागतात. हरलेला मासा वागायला लगेच दबतो, पण आतल्या पेशीला अजून काही दिवस आपण राजा असल्याचं आठवत असतं.

आता मी तुम्हाला एका सकाळी घेऊन जातो. डोळे मिटलेलेच असू द्या. तुम्ही फिकट नर आहात. काचेची टाकी आहे, तळाशी वाळू आहे. टाकीत तुमच्यापेक्षा मोठा एक आहे. त्याची जागा कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे तुम्हाला डोळे न उघडताही माहीत आहे. तुमच्या अंगाने ती हद्द पाठ केली आहे. तुम्ही तिच्या बाहेरून जाता, अंग चोरून. कितीतरी दिवस असंच.

रात्र आहे. काळोख. दिवे लागायच्या आधी कुणाचा तरी हात पाण्यात येतो. अंधारात बघता येईल असा चष्मा लावलेला माणूस आहे तो, तुम्हाला तो दिसत नाही. पाणी जरासं हलतं आणि शांत होतं.

मग उजेड होतो.

तो नाही.

२००५ साली फर्नाल्ड यांच्या प्रयोगशाळेने नोंदवलेली ही सकाळ आहे. फिकट नर आधी हद्दीच्या कडेकडेने फिरला. मग आत गेला. काही मिनिटांत त्याच्या अंगावर रंग चढला, डोळ्यावरचा काळा पट्टा उमटला आणि तो मालकासारखा वागू लागला. वीसएक मिनिटांनी त्या पेशींच्या जागी बघितलं, तर तिथे एक जनुक भराभर कामाला लागलेलं होतं, पुढच्या सगळ्या बदलांचं दार उघडणारं. मला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट याच्या पुढची आहे. आधीपासून जागेवर असलेल्या मुरलेल्या मालकांत ती धावपळ नव्हती. ती फक्त नुकती जागा मोकळी दिसलेल्याच्या मेंदूत होती. म्हणजे सत्तेची ती खूण नव्हती. वाट मोकळी झाल्याचं अंगाला कळलं, त्याची होती.

डोळे उघडले तरी चालतील. मला इथे नेहमी आमचा सोपा आठवतो.

घरातले थोरले आण्णा होते तोवर सोप्यातल्या घडवंचीवर तेच बसत. धाकटे काका जोत्याच्या कडेला, एक पाय खाली सोडून. पन्नाशी उलटलेला माणूस, पण बोलायचे ते पुटपुटल्यासारखं. वाक्य सुरू करायचे आणि शेवट आण्णांकडे बघून गिळायचे. आम्हा पोरांना वाटे, काकांचा स्वभावच असा. आण्णा गेले. तेराव्याला पाहुणेरावळे पांगल्यावर काका घडवंचीवर बसले आणि आत हाक मारून त्यांनी चहा सांगितला. त्या आवाजाने मी दचकलो. भरदार, स्वच्छ आवाज. इतकी वर्षं तो कुठे होता? त्या संध्याकाळी मला त्यांचा राग आला होता. आण्णांची राख अजून ओली आणि हे असे बसले, असं वाटलं. तो राग मी खूप वर्षं बाळगला. बर्टोनीची ती सकाळ वाचली त्या दिवशी मला काकांची माफी मागावीशी वाटली, आणि तोवर तेही गेले होते.

पाण्याकडे बघा. डोहाच्या पलीकडच्या कडेला, खडकाच्या सावलीत, काहीतरी हललं. हलू नका.

चिलापीकडे परत येऊ. पोर्तुगालमध्ये रुई ऑलिव्हेरा यांनी नेमका हाच मासा घेतला. दोन नर झुंजताना तिसरा नुसता बघत असेल तर त्याच्या आत काय होतं, हे त्यांना पाहायचं होतं. २००१ साली त्यांनी लिहिलं: बघणाऱ्याच्या अंगातली नर-संप्रेरकंही वाढतात. त्याने एक ठोसाही मारलेला नाही, एक खवलाही गमावलेला नाही.

कोल्हापूरच्या माणसाला हे पटवून द्यायला नको. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेल्या खासबाग मैदानात ज्याने उन्हाच्या पायरीवर बसून कुस्ती पाहिली आहे, त्याला ठाऊक आहे की खाली हौद्यात पट काढला जातो तेव्हा वर बसलेल्याची मांडी आवळते. घरी परतताना माणसं रस्त्याने दोन पावलं रुंद चालत असतात.

पण त्याच माशावरचा दुसरा प्रयोग याहून खोल जातो. चिलापीपुढे आरसा ठेवला. आरशातला नर तिच्याइतकाच मोठा, तिच्याइतकाच चिडलेला. ती पुढे आली की तोही पुढे येतो, मागे कधी हटत नाही आणि जिंकतही नाही. मासा जीव तोडून झुंजला. दम लागेपर्यंत. आणि त्याच्या नर-संप्रेरकांत वाढ झाली नाही. म्हणजे घाम गाळल्याने ती वाढत नाहीत. मैदानावरच्या भाषेत सांगायचं तर कुस्ती निकाली व्हावी लागते. बरोबरीत सुटलेल्या कुस्तीची रक्तात नोंदच होत नाही. समोर खरा कुणीतरी असावा लागतो, त्याचं काहीतरी व्हावं लागतं, तेव्हा आपलं काहीतरी होतं. नुसत्या स्वतःच्या प्रतिमेशी कितीही झगडलं तरी आत काहीच हलत नाही, हे चिलापीच्या रक्ताने सांगितलं आहे. यावर तुम्ही तुमच्या जागी बसून विचार करा. मी यावर किती रात्री जागलो आहे ते मला माहीत आहे.

आता पायांकडे लक्ष न्या. पोटऱ्यांना पाणी लागतं आहे. आधी थंड लागलं होतं, आता थंडी जाणवत नाही. तरी काहीतरी जाणवतं आहे. ओढ्याचा हलका रेटा. डोहात वरून पाणी पडतं त्याचा थर्रकन येणारा कंप. वाऱ्याची झुळूक पाण्यावरून गेली, तीही कळली असेल.

रोहू साफ करताना त्याच्या कुशीवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेली बारीक रेघ तुम्ही पाहिली असेल. ती नक्षी नाही. पाण्याचा स्पर्श घेणारं ते इंद्रिय आहे. शेजारच्या माशाने शेपूट मारली की पाण्याचा धक्का येतो आणि या रेघेला तो कळतो. काळोखात, गढूळ पाण्यात, पुरात, सोबत आहे की नाही हे मासा अंगानेच ओळखतो.

२०२० साली जर्मनीत, फ्रँकफर्टच्या मॅक्स प्लांक संस्थेत, झेब्राफिशवर एक काम झालं. झेब्राफिश मात्र आपल्याकडचा; गंगेच्या खोऱ्यातल्या या पट्टेरी, बोटाहून लहान माशाचं वर्णन हॅमिल्टन नावाच्या अभ्यासकाने १८२२ साली केलं होतं. काही पिल्लं एकेकटी वाढवली. त्यांच्या मेंदूत पीटीएच-२ नावाच्या एका संप्रेरकाचं जनुक जवळजवळ गप्प झालं. मग त्यांना इतरांत सोडलं. अर्ध्या तासात ते बोलू लागलं, आणि बारा तासांत कळपात वाढलेल्यांच्या बरोबरीला आलं. कशामुळे? दुसऱ्याला पाहून नाही, त्याच्या वासानेही नाही. दुसऱ्यांच्या पोहण्याने पाणी हलत होतं, ते कुशीच्या त्या स्पर्शाला कळत होतं, एवढ्यामुळे. माशाच्या हालचालीसारखं पाणी यंत्राने हलवलं तरी त्या एकट्या जिवाच्या मेंदूला थोडा धीर आला.

हे वाचताना मला मराठीतला एक शब्द सापडला, म्हणजे होताच, नव्याने हाताला लागला: वावर. ‘घरात माणसांचा वावर हवा,’ असं आपण म्हणतो. बोलणं हवं, प्रेम हवं, असं नाही म्हणत, वावर हवा. कुणीतरी स्वयंपाकघरातून न्हाणीकडे जावं, कुणाच्या पावलांनी फळी वाजावी, भांड्याला भांडं लागावं. या डोंगरातल्या वाड्यांवर अशी घरं पुष्कळ आहेत, जिथे मुलगे कोल्हापूर-मुंबईला आणि म्हातारी एकटी. एक अशी आजी मला माहीत आहे. ती दिवसभर टीव्ही लावून ठेवते आणि त्याच्याकडे पाठ करून शेंगा फोडत बसते. मी एकदा म्हटलं, आजी, बघत नाहीस तर बंद कर की. ती म्हणाली, ‘बघायला न्हाई लावल्याला. कायतरी हलतंय घरात, म्हणून.’

तिचं हे वाक्य मी जपून ठेवलं आहे.

आणखी एक शब्द असाच. पान्हा. ज्याच्या घरी म्हैस आहे त्याला सांगायला नको, की धार काढणाराचा हात बदलला, आवाज बदलला, गोठ्यात परकं कुणी उभं राहिलं, की ती पान्हा चोरते. रेडकू पुढ्यात आणलं, ओळखीचा हात कासेला लागला, की सोडते. दूध कासेत होतंच. सोडायचं की नाही ते समोर कोण आहे यावर ठरलं. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला आपण उभे राहतो, तेव्हा त्या पेल्यात हा सगळा व्यवहार असतो. त्याला विज्ञानाने ऑक्सिटोसिन हे नाव दिलं. बाळंतपणात कळा आणणारं आणि आईला पान्हा फोडणारं तेच. माशाला कास नाही, पान्हा नाही. तरी माशाच्या मेंदूत याचंच जुनं रूप आहे.

मग तिथे ते काय करत असेल? आपण आलो तेव्हाचा क्षण आठवा. सगळ्या माशांनी तुमचा पाय पाहिला नव्हता. एक-दोघांनी पाहिला, बाकीच्यांनी त्या एक-दोघांना पाहिलं. एकाची धास्ती दुसऱ्याच्या अंगात शिरली. जखमी माशाच्या कातडीतून पाण्यात काहीतरी उतरतं आणि त्याने बाकीचे बिथरतात, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ सालीच दाखवलं होतं. पण इथे कुणी जखमी नव्हतं, नुसतं बघून भय लागलं. २०२३ साली ऑलिव्हेरा यांच्याच गटाने दाखवलं की ज्या झेब्राफिशमध्ये ऑक्सिटोसिनची ही यंत्रणा काढून टाकली होती, ते दुसऱ्याचं भय बघूनही स्वस्थच पोहत राहिले. त्यांना दिसत होतं. लागत नव्हतं.

पान्हा आणि दुसऱ्याच्या भयाने आपलं काळीज हलणं, या दोहोंच्या मुळाशी एकच जुनी धार असावी, यावर माझं मन कितीदा येऊन थांबतं. माया आणि धास्ती. लेकराला ठेच लागते आणि आईचा हात आपल्याच पायाकडे जातो.

आता एका जागी मला स्वतःला अडवायचं आहे. माशावरून माणसावर उडी मारणं सोपं असतं आणि त्यात फसगत असते. काकांच्या मेंदूत कोणती पेशी वाढली ते कुणी पाहिलेलं नाही. दबलेल्या माणसाकडे बोट दाखवून ‘याची संप्रेरकंच कमी’ असं म्हणणारे या विज्ञानातूनच निघू शकतात, आणि त्याची मला भीती वाटते. फिकट नरात काही उणं नव्हतं, हेच तर त्या सकाळी दिसलं. उणी होती ती जागा.

आणि जागेबद्दल माणसाकडे असं काही आहे जे माशाकडे नाही. टाकीत जागा ठरलेल्या असतात. एक उचलल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही. काकांना घडवंची मिळाली ती आण्णा गेल्यावर. पण याच कोल्हापुरात, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, गंगाराम कांबळे नावाचे गृहस्थ राजवाड्याच्या पागेत कामाला होते. पागेतल्या हौदाच्या पाण्यावरून त्यांना मारहाण झाली. जातीने महार, आणि पाण्याला स्पर्श केला, एवढंच कारण. पुढे शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भर शहरात ‘सत्यसुधारक’ हॉटेल उभं राहिलं. तिथे चहा प्यायला लोक येईनात. तेव्हा महाराज आपली गाडी त्या दारात थांबवू लागले, कांबळ्यांच्या हातचा चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही देऊ लागले. २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखण्याचा हुकूम काढणारा हाच राजा.

त्या दाराशी जरा उभे राहा. वाफाळलेला कप पुढे येतो आहे. घेणारा छत्रपती आहे आणि त्याच्या मागे उभे असलेले लोक बघत आहेत. बघणाऱ्याच्याही आत काहीतरी होतं, हे आपण आताच चिलापीकडून शिकलो. गंगारामांच्या आत त्या वेळी काय झालं ते सांगण्याचा मला अधिकार नाही. त्या रस्त्यावरचं पाणी मात्र बदललं. कुणाला उचलून बाजूला न करता एक नवी जागा तयार झाली, आणि ती तयार करायला एका माणसाने रोज गाडी थांबवली. कुठलाही मासा हे करू शकत नाही.

मी स्वतःला विचारतो, तुम्हीही विचारा: माझ्या सोप्यात जोत्याच्या कडेला कोण बसतं? कोण वाक्य अर्धं गिळतं, माझ्याकडे बघून? नाव लगेच आठवलं नाही तर सावकाश आठवा. आठवेल. तो चेहरा समोर आला की त्याला काही समजावू नका, स्वतःला दोषही देऊ नका. नुसता त्याचा आवाज ऐकायचा प्रयत्न करा, तो भरदार असता तर कसा असता.

ऊन कलंडलं. घाटमाथ्यावरून, करूळच्या बाजूने, खालच्या कोकणातली गरम हवा वर येऊन इथल्या गारव्यात मिसळते आहे. जांभळाची सावली डोहाच्या अर्ध्यावर आली.

खाली बघा. मान वळवू नका, नुसती नजर. डाव्या टाचेपाशी दोन आहेत. तिसरा खडकावरून निसटत पुढे येतो, थांबतो, मागे जातो. त्याच्या मागे पाचसहा उभे आहेत, तो काय करतो ते बघत. तुमच्या पायाचा वावर त्यांच्या कुशीला आता सवयीचा झाला असावा.

पहिला पुढे आला. करंगळीला तोंड लावलं. गुदगुल्या होतील, पाय ओढू नका.

मागचे निघाले.